शाळेतच राहिलेला विद्यार्थी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्याला भावलेल्या एका व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहावं, अशी सूचना आली. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवालीने एखादा संगणकशास्त्रज्ञ निवडावा, अशी अपेक्षा असणार. मी निवडलाय पॅरिसमधला एक ऑर्गनवादक आणि शिक्षक, लुई ब्रेल. त्याची लिपी सर्वांना ठाऊक आहे, पण तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि शाळेत शिकवायचा, हे फारसं कुणाला माहीत नसतं. दहाव्या वर्षी ज्या शाळेत तो दाखल झाला, तिथेच शिकला, तिथेच शिक्षक झाला आणि तिथेच वारला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याची आठवण काढायला एवढं कारण पुरे आहे.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचं खोगीर, लगाम असा चामडी साज बनवत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात खेळता खेळता आरी त्याच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. तरी आई-वडिलांनी त्याला गावच्या शाळेत घातलं आणि १८१९ मध्ये पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत पाठवलं.

या शाळेत वाचन होतं, पण ते नेहमीच्या रोमन अक्षरांचे मोठे उठाव चाचपून. एकेका अक्षराचा आकार बोटाने शोधायचा. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची. आणि अशी अक्षरं मुलांना स्वतः लिहिता येणं तर अशक्यच.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. कल्पना उत्तम, पण एका खुणेत बारापर्यंत ठिपके. ते एका बोटाखाली मावत नसत. शिवाय खुणा उच्चारांच्या होत्या. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, संगीत नाही. लुईने ठिपके सहावर आणले आणि खुणा अक्षरांना दिल्या. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ पर्यंत, त्याची लिपी बहुतेक तयार होती. प्रत्येक ठिपका एक तर उठलेला, नाही तर सपाट. म्हणजे चौसष्ट शक्यता. कोरी जागा सोडली तर त्रेसष्ट खुणा, आणि त्यातली प्रत्येक बोटाच्या एका स्पर्शात कळणारी. रोज शून्य आणि एक यांच्याशी झुंजणाऱ्या मला या हिशेबाचं फार कौतुक वाटतं.

१८२९ च्या त्याच्या पुस्तकात शब्दांबरोबर संगीतही होतं. अंध वादकाला चर्चमध्ये पगारी नोकरी मिळण्याची शक्यता असे, म्हणून शाळेत ऑर्गनला महत्त्व होतं. ऑर्गन दोन्ही हातांनी आणि पायांनी वाजतो. अंध वादक एका हाताने स्वरलिपी वाचतो, दुसऱ्या हाताने वाजवून पाहतो, मग हात बदलतो. पायपट्ट्यांचा भाग वाचताना पाय चालू असतात. असा तुकड्यातुकड्याने सगळा भाग पाठ करायचा. आजच्या ब्रेल संगीतात वरचे चार ठिपके स्वर सांगतात आणि खालचे दोन त्याची लांबी.

१८३३ मध्ये ब्रेल पूर्ण शिक्षक झाला. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत असं सगळं शिकवायचा. १८३४ ते १८३९ तो सँ-निकोला-दे-शां चर्चचा ऑर्गनवादक होता. याच काळात क्षयाने त्याला गाठलं.

आणि मग शाळाच उलटली. १८४० मध्ये संचालक बदलले. नवे संचालक द्युफो यांनी ब्रेलच्या लिपीला बंदी घातली आणि पुन्हा उठावाची अक्षरं आणली. डोळस शिक्षकांना वाचता येईल अशीच लिपी हवी, हा त्यामागचा विचार. मुलांनी मात्र ठिपके सोडले नाहीत; चोरून लिहीत, एकमेकांना शिकवत राहिली. द्युफोंचे सहकारी ग्वादे यांनी ते पाहिलं आणि संचालकांचं मन वळवलं. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात या लिपीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं.

ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी गेला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. याच शाळेत पुढे लुई व्हिएर्न शिकला आणि १९०० पासून नोत्र-दामचा ऑर्गनवादक झाला. १९५२ मध्ये ब्रेलचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँमध्ये नेले. हात मात्र कूव्रेतच ठेवले.

भारती ब्रेल १९५१ पासून आहे; मराठीतला क त्याच्याच के अक्षराच्या ठिपक्यांनी लिहितात. आता फोन सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असं माझ्या क्षेत्रातले लोक विचारतात. माझं उत्तर आपल्या मराठीच्या बाईंना आवडेल. दिन आणि दीन कानाला जवळजवळ सारखेच. बोटाला मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे लागतात. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला शुद्धलेखन कधी भेटतच नाही. बार्बिएच्या उच्चारांच्या खुणा पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला अपुऱ्या वाटल्या होत्या त्या याचसाठी.