रे. टिळकांचें व्रत

नांदेड-लातूरकडील उपासनांत आपण ज्यांचीं पदें गातों, त्या नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. देवास दिलेल्या ह्या वचनापायीं त्यांचा संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें दूर राहिल्या. टिळकांनीं वचन सोडिलें नाहीं, आणि पत्नीची आशाही सोडिली नाहीं. अखेर १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला.

१९१७ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनीं संन्यासव्रत घेऊन मिशनचें वेतन सोडिलें. पदरीं कुटुंब असतां हें व्रत आम्हांस पहिल्याहून कठीण वाटतें. साताऱ्यास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही तेथें जागा होती. ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. अपुरें ‘ख्रिस्तायन’ पुढें लक्ष्मीबाईंनीं चालविलें.