उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दोशी घराण्याचा परंपरागत व्यवसाय कापसाचा व सावकारीचा. ‘जैन बोधक’ मासिकाचे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पोटी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद यांचा जन्म झाला. पेढीवर बसून व्याजबट्ट्याचा हिशेब करण्यात या तरुणाचे मन रमेना. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. कामाची माहिती फाटकांची, भांडवल व बाजारातील पत दोशींची. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून निघालेली ही भागीदारी पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचली.

एवढ्यावर दुसरा कोणीही संतुष्ट झाला असता. वालचंदांनी मात्र १९१९ मध्ये समुद्रात उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसमवेत विकत घेऊन त्यांनी सिंदिया कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी वाहतुकीचे दर पाडून नवागत कंपनीचा श्वास कोंडला. अखेर १९२३ च्या कराराने सिंदियाला दहा वर्षे किनारी मालवाहतुकीपुरते समाधान मानावे लागले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा कडूच. परंतु कंपनी तगली, हे त्याहून महत्त्वाचे. १९२९ मध्ये नरोत्तम शेठ निवर्तल्यावर अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली.

दरम्यान मालेगाव तालुक्यात रावळगाव व इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे ऊस, साखर कारखाने आणि वसाहती उभ्या राहिल्या. १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन व इंडियन ह्यूम पाइप या कंपन्या स्थापन झाल्या.

१९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी योगायोगाने गाठ पडली आणि विमान कारखान्याची कल्पना आकारास आली. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. परकीय सरकारच्या अमदानीत आकाश, सागर व रस्ता या तिन्ही मार्गांची वाहने स्वदेशात घडविण्याचा हा संकल्प होता. एवढा पसारा एकदम मांडणे धाडसाचेच, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. विमान कारखाना १९४२ मध्ये युद्धकारणास्तव भारत सरकारने ताब्यात घेतला. १९५२ मध्ये जहाज कारखान्याचेही नियंत्रण शासनाकडे गेले. तत्पूर्वी १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण झाले होते.

१९४९ मध्ये पक्षाघाताने वालचंद शेठ अंथरुणास खिळले. पुढील वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले; उद्योगांचा भार गुलाबचंद व लालचंद या बंधूंनी उचलला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.