पुसदच्या नगराध्यक्षाची खुर्ची आणि आपला वाटा

दरवर्षी १ जुलै आला की राज्यभर कृषी दिन साजरा होतो. वसंतराव नाईक यांच्या फोटोला हार घातला जातो, हरितक्रांतीचे गोडवे गायले जातात आणि कार्यक्रम संपतो. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस सत्तेच्या राजकारणात आला तो पुसद नगरपालिकेच्या दारातून, ही आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. आम्हाला आज तीच काढायची आहे. कारण नगरपालिका म्हणजे नाल्या, दिवाबत्ती आणि कंत्राटे एवढाच अर्थ आता उरला आहे. शहरातल्या गरिबाच्या पोटापाण्याशी तिचा संबंध असतो, हे आपणही विसरत चाललो आहोत.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा वस्तीतला. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे प्रमुख. बंजारा समाज एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत असे. इंग्रजांची रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि हा व्यापार बुडाला. देशाची बाजारपेठ चालविणारा समाज उघड्यावर पडला, आणि वर अनेक ठिकाणी त्याच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. रस्ते आणि रेल्वे यांनाच विकास म्हणायचे असेल, तर तो कोणाचा विकास, हा प्रश्न वसंतरावांच्या जन्माआधीच त्यांच्या तांड्यापुढे उभा होता.

अशा तांड्यावरचा मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकला आणि १९४० साली कायद्याचा पदवीधर झाला. १९४१ साली त्यांनी वत्सलाबाई घाटे या ब्राह्मण घरातील तरुणीशी विवाह केला. आंतरजातीय विवाहाशिवाय जात तुटणार नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. वसंतरावांनी तो विचार घेऊनच लग्न केले, असा आमचा दावा नाही. पण त्या काळात असे पाऊल उचलायला धाडस लागत होते, हे मान्य केलेच पाहिजे.

पुढे त्यांनी पुसदला वकिली केली. तेथील कृषी मंडळाचे ते अध्यक्ष झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मोफत वसतिगृहाच्या कामातही ते होते. त्या वसतिगृहाच्या नावात हरिजन हा शब्द होता. तो शब्द आम्हाला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही, पण वसतिगृहात शिकलेली पोरे आपलीच होती. १९४६ साली वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले. कापूस आणि ज्वारी विकायला तांड्या-वाड्यावरची माणसे ज्या शहरात यायची, त्या शहराच्या खुर्चीवर तांड्यावरचाच माणूस बसला. कायदा तोच, नगरपालिका तीच, पण खुर्चीवर कोण बसतो याने फरक पडतो, हे त्या दिवशी तालुक्याने पाहिले.

हा फरक आपल्या चळवळीला नवा नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला आणि बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर जावे लागले. त्यानंतर त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला. सभागृहात आपले बळ नसेल तर चांगला ठरावही टिकत नाही, हा त्यातला धडा आहे.

१९५२ साली वसंतराव तेव्हाच्या मध्यप्रदेश विधानसभेवर निवडून गेले व उपमंत्री झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि १९६५ साली त्यांच्याच कारकिर्दीत महाराष्ट्राचा नगरपरिषद कायदा झाला. एका तालुक्याच्या शहराचा माजी नगराध्यक्ष सर्व नगरपालिकांचा कायदा करणाऱ्या सरकारचा प्रमुख होता. पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले तेही त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, जानेवारी १९७५ मध्ये.

त्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूला बरेच काही आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो हातांना मजुरी दिली. त्यात भूमिहीन दलित आणि आदिवासी स्त्रियांचे हात फार मोठ्या संख्येने होते. त्याच सुमारास कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला व्यापाऱ्यापुढे उभे राहायला आधार मिळाला.

पण हिशेब एकाच बाजूने मांडायची आमची रीत नाही. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतरावच होते. कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, तरी भूमिहीनांच्या हाती जमीन किती आली, हे खेड्यातला प्रत्येक मजूर जाणतो. बावड्याचा बहिष्कार, ब्राह्मणगावचा अत्याचार, १९७४ ची वरळीची दंगल, हे सारे त्यांच्याच राज्यात घडले. दलित पँथर जन्मली तीही याच काळात. तांड्याचे दुःख जाणणाऱ्या माणसाच्या राज्यात महारवाड्याला संरक्षण का मिळाले नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही. २० फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांचे मुख्यमंत्रिपद संपले, १९७७ साली ते लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

आज काय? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय दिले. त्यात आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन आहे, शहरी दारिद्र्य निर्मूलनही आहे. आपल्या किती नगरसेवकांनी ही यादी वाचली आहे? खेडे सोडा आणि शहराकडे चला, हा बाबासाहेबांचा मार्ग मानून आपली माणसे पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी, पांढरकवडा या शहरांत आली. ती हातगाडीवर भाजी विकतात, हमाली करतात, नगरपालिकेचा झाडू हाती धरतात. बाजाराचे गाळे बांधले जातात तेव्हा लिलावाची अनामत भरण्याची त्यांची ऐपत नसते. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. त्याप्रमाणे नेमायच्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. आपल्या शहरात ही समिती आहे का, हे तरी आपण विचारले का?

पर्यटनाचेही तेच. टिपेश्वरला वाघ पाहायला दुरून माणसे येतात, सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. पाहुणा येतो तेव्हा जेवण, गाडी, मुक्काम, वाटाड्या यावर पैसा खर्च करतो. तो कोलाम, गोंड, बंजारा आणि बौद्ध तरुणांच्या हाती पडतो, की आधीच ज्यांची तिजोरी भरली आहे त्यांच्याकडे जातो, हे ठरविण्यात जवळच्या नगरपालिकेचाही हात असतो. परवाने, गाळे, बसथांबा, प्रशिक्षण यांचे ठराव तिथेच होतात.

म्हणून आमचे चळवळीतील कार्यकर्त्यांना सांगणे आहे. निवडणुकीत तिकिटासाठी भांडून भागणार नाही. नगरपालिकेचा अर्थसंकल्प मागवा, तो वस्तीत वाचून दाखवा, दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेला पैसा कुठे गेला ते सभागृहात विचारा. पुसदच्या खुर्चीवरून एक माणूस राज्याच्या खुर्चीपर्यंत गेला. ती वाट आपल्यालाही बंद नाही. मात्र तिथे पोचल्यावर वस्तीकडे पाठ फिरवायची नाही, एवढे भान ठेवले पाहिजे.