तळ्याचे कायक : शिवयोगी सिद्धराम

बाराव्या शतकातील शिवशरणांत सोन्नलिगेच्या सिद्धरामांचे स्थान आगळे आहे. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बालपणी ते अबोल असत, गुरे राखीत. रानात जंगमरूपाने आलेल्या मल्लय्याला त्यांनी हुरडा दिला आणि तो दिसेनासा होताच त्याच्या शोधात थेट श्रीशैल गाठले, असे परंपरा सांगते. तेथे मल्लिकार्जुनाचे दर्शन झाले आणि आज्ञा घेऊन ते गावी परतले.

परतल्यावर त्यांनी काय केले? मल्लिकार्जुनाचे मंदिर उभारले, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि तळे खोदले. सोलापूरचा मुलूख अवर्षणाचा. येथे पावसाचे पाणी अडविले नाही तर ते वाहून जाते व उन्हाळ्यात विहिरी आटतात. तळ्यात साठलेले पाणी जमिनीत मुरते, भोवतालच्या विहिरींचा पाझर टिकतो. तहानलेल्या जिवाला पाणी हीच शिवपूजा, हे सिद्धरामांनी ओळखले होते.

असे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले. त्यांनी सिद्धरामांना वड्डराम म्हणून हाक मारली. गुरूंचा अपमान झाला असे वाटून कामकऱ्यांनी दगड भिरकावले, परंतु प्रभू ढळले नाहीत. प्रभूंचा आक्षेप तळ्यावर नव्हता. तळे मी बांधले, हा भाव उरला तर तेही बंधनच होते, हे त्यांना दाखवायचे होते. सिद्धरामांचा राग निवळला. ते प्रभूंसमवेत कल्याणला गेले, चेन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली आणि पुढे अनुभवमंटपातील शून्यपीठावरही विराजले. पूर्वीची सेवा आता अहंकाररहित कायक झाली.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो हात खडी फोडण्यास व तलाव खोदण्यास लागले. सिद्धरामांचाच मार्ग तो. वैनगंगेच्या खोऱ्यात, लामता-बालाघाटकडे राहणाऱ्या भक्तांना तलाव आणि बोडी नवी नाही. परंतु गाळ साचला तर तलाव नावापुरताच उरतो. तळे खोदणे एका पिढीचे कायक, गाळ काढणे प्रत्येक पिढीचे.

सोलापुरात तळ्याच्या मध्यभागी सिद्धरामांचे समाधीस्थान आहे. दर संक्रांतीला तेथे नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. ध्वजाला हात लावून धन्य होणाऱ्या भक्ताने एक घमेले गाळही उचलावा. पाण्याला जात नाही, थेंब वाया घालविणाऱ्याचा दासोह मात्र अपुरा आहे.