दुष्काळाचे उत्तर बियाण्यात शोधणारे डॉ. खानखोजे

पेरणी झाली, कोंब वर आले आणि पावसाने दडी मारली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. वाढलेले पीक काही दिवस कळ काढते. आठ-दहा दिवसांच्या रोपाला तेवढी सवड नसते. दाण्यातली शिदोरी संपत आलेली असते, मुळे अजून खोल गेलेली नसतात आणि वरची माती रोज तापत असते. दुबार पेरणीचे संकट येते ते इथूनच. अशा कोरड्या दिवसांत टिकणारे धान्याचे वाण शोधण्यात आयुष्याची मोठी वर्षे घालवणारा एक मराठी माणूस होऊन गेला, तोही हजारो मैल दूर मेक्सिकोत. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव क्रांतिकारक म्हणून अनेकांना ठाऊक असते. त्यांचे शेतीतले काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्याचा. शिक्षण वर्धा आणि नागपूरला झाले. हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. ते शाळकरी वयाचे असताना, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ या प्रांताने पाहिले. दुष्काळात माणसे केवळ उपासमारीने मरत नाहीत. अन्नावाचून खंगलेल्या शरीराला कॉलरा, हगवण, हिवताप गाठतात आणि सर्वांत आधी लहान मुले जातात. दवाखाना या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो. पहिले टोक शेतात असते.

विशीतल्या खानखोजे यांनी स्वातंत्र्यासाठी शस्त्र हाती घ्यायचे ठरवले आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. तिथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि त्याबरोबरच शेतीशास्त्राचेही. पुढे गदर चळवळ उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी ते एक होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. त्यानंतर जर्मनी, रशिया असा प्रवास झाला. मायदेशाचे दार बंदच होते. अखेर १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि शेतीशास्त्र हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मका, गहू, कडधान्ये यांवर त्यांनी प्रयोग केले. मक्याचा टिओसिंते या रानटी भाऊबंदाशी संकर करून पाहिला. कडाक्याची थंडी आणि पाण्याची ओढ सोसतील अशा वाणांच्या निवडीवर त्यांचा भर होता. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतीशाळा काढल्या. छायाचित्रकार टीना मोदोत्ती हिने त्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रे टिपली, तर दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले.

पाणी तुटते तेव्हा रोप नेमके काय करते? मुळांना कोरड जाणवली की रोपात अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. त्यामुळे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, मिटतात आणि बाष्प बाहेर जाणे कमी होते. पानांची वाढ थांबते, पण मूळ ओलाव्याच्या शोधात खाली जात राहते. पेशींमध्ये शर्करा आणि प्रोलीन साठते, त्यामुळे असलेले पाणी धरून ठेवता येते. दुपारी पाने सुरळीसारखी वळतात, म्हणजे उन्हाला कमी अंग दिसते. जुलाबांनी शुष्क झालेल्या बाळाचे शरीरही असेच वागते. मूत्रपिंडे पाणी राखतात, त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो. दोन्हीकडे ही तात्पुरती सोय असते. रंध्रे मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न तयार होणे मंदावते. तहान टाळताना रोप उपाशी राहते. पाणी वेळेत मिळाले तर सावरते, नाहीतर जळते.

या संप्रेरकाची ओळख पटली १९६० च्या दशकात. खानखोजे यांच्या उमेदीच्या काळात हे ज्ञान नव्हते. तरीही कोणते रोप टिकते हे डोळ्यांना दिसत होते आणि त्याचे बी राखून ठेवता येत होते. ॲरिझोनातले होपी आदिवासी तेच पिढ्यान् पिढ्या करत आले होते. ते मका फूटभर खोलसुद्धा पेरत, कारण ओल तिथे असते. साधा मका एवढ्या खोलीतून वर येऊ शकत नाही. होपी मक्यात दाण्यापासून कोंबापर्यंतचा पांढरा देठ विलक्षण लांबतो आणि एकच जाड मूळ सरळ खाली उतरते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जी. एन. कॉलिन्स यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडची मालदांडी ज्वारी याच जातकुळीतली. सोलापूर भागातल्या काळ्या जमिनीत, पाऊस सरल्यावर, साठलेल्या ओलीवर ती पिकते. मोहोळला तिच्यातून निवडलेला एम ३५-१ हा वाण रब्बीत आजही पेरला जातो.

हे पाहायला शेतात जायला हवे असेही नाही. मुलुंडच्या एखाद्या गॅलरीतल्या कुंडीत ज्वारीचे मूठभर दाणे पेरावेत, रोपे वीतभर झाली की पाणी तोडावे. चार-सहा दिवसांत, भर दुपारी, पाने वळू लागलेली दिसतील. त्या संध्याकाळी पाणी घातले तर बहुतेक रोपे सकाळी पुन्हा उलगडलेली असतात.

खानखोजे १९५५ मध्ये कुटुंबासह कायमचे भारतात परतले आणि नागपूरला स्थायिक झाले. तिथेच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षी बिहार दुष्काळाने होरपळत होता. त्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे भारतात आले होते. ते वाण नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे होते, खानखोजे यांचे नव्हते. पण मेक्सिकोच्या मातीत धान्याचे वाण सुधारून भूक हटवायची, या वाटेवर वर्ध्याचा हा माणूस बोरलॉग तिथे पोहोचण्याच्या वीस वर्षे आधी चालू लागला होता.