विश्लेषण : पॅलेस्टाइनशी मैत्री, इस्रायलशीही संबंध… नरसिंह रावांना हे कसे साधले?

हिंगोलीसह मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९५० रोजी, भारताने इस्रायलला मान्यता दिली. पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला मात्र आणखी ४१ वर्षे लागली. ते जोडणारे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हेही निजामाच्याच राज्यात वाढलेले.

महाराष्ट्राशी नाते काय?

राव यांचा जन्म २८ जून १९२१ रोजी आजच्या तेलंगणात झाला. ‘वंदे मातरम्’ आंदोलनामुळे निजामाच्या राज्यातील शिक्षण सुटले. पुढे ते पुणे आणि नागपूर येथे शिकले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या छावणीतून काम केले. उत्तम मराठी जाणणाऱ्या रावांनी ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. १९८४ आणि १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले.

इस्रायलबाबत भारताचा हात आखडता का होता?

पॅलेस्टाइनच्या फाळणीला भारताने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत विरोध केला होता. अरब देशांशी मैत्री, तेलाची गरज आणि आखातात काम करणारे लाखो भारतीय, हेही मुद्दे होते. त्यामुळे १९५३ पासून मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास असूनही दिल्लीत राजदूत नव्हता. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायली कुटुंबांचे नाते तेवढे दोन्हीकडे होते.

रावांची आधीची भूमिका कोणती?

ती पॅलेस्टाइनच्या बाजूची होती. ते परराष्ट्रमंत्री असताना १९८० मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या दिल्लीतील कार्यालयाला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये भारताने पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली, तेव्हाही परराष्ट्र खाते त्यांच्याकडेच होते.

मग १९९२ मध्ये काय बदलले?

राव जून १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. ऑक्टोबरअखेर माद्रिद परिषदेत अरब देश आणि पॅलेस्टिनी प्रतिनिधी इस्रायलसमोर चर्चेला बसले. डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. अरबच इस्रायलशी बोलत असताना भारताने दूर राहण्याचे कारण उरले नव्हते. तरीही रावांनी घाई केली नाही. जानेवारी १९९२ मध्ये यासर अराफात दिल्लीत आले. राजदूत नेमणे हा भारताचा सार्वभौम अधिकार असल्याचे त्यांनी मान्य केले. त्यानंतर काही दिवसांतच, २९ जानेवारीला, संबंधांची घोषणा झाली. पॅलेस्टाइनची मान्यता मात्र कायम राहिली.

शांतता आली का?

सप्टेंबर १९९३ मध्ये ओस्लो करार झाला. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची एका इस्रायली अतिरेक्यानेच हत्या केली आणि प्रक्रियेला तडा गेला. ती सांधण्याइतकी ताकद भारताकडे नव्हती. राव यांचे २३ डिसेंबर २००४ रोजी निधन झाले. तोपर्यंत दुसरा इंतिफादा हजारोंचे बळी घेऊन गेला होता. रावांच्या निर्णयाने शांतता आली नाही. पण एकाशी बोलण्यासाठी दुसऱ्याशी अबोला धरण्याची भारताची सक्ती संपली.