पहिलं गिऱ्हाईक

उद्या तुम्ही चहाचा गाडा टाकायचं ठरवलंत, तर आधी काय शोधाल? जागा, भांडवल, एखादी कर्जाची योजना. बरोबर आहे. पण सगळं जमून आलं आणि दारात कुणी फिरकलंच नाही तर?

राजर्षी शाहू महाराज आपल्याला आरक्षण, वसतिगृहं आणि राधानगरी धरणामुळे माहीत असतात, तेही बऱ्याचदा परीक्षेपुरते. धंदा करू पाहणाऱ्यांना त्यांनी दिलेला हात मात्र त्या गर्दीत हरवतो.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात जन्म, दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आणि १८९४ मध्ये कारभार हाती. तेव्हा त्यांना विसावं वर्ष लागलं होतं, म्हणजे माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच! पुढच्याच वर्षी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. १९०६ मध्ये कापडगिरणी, १९१७ मध्ये जयसिंगपूर. पहिल्या महायुद्धात किर्लोस्करांच्या कारखान्याला लोखंड मिळेना, तर पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला देऊन टाकल्या.

पण पेठ वसवली म्हणून ती सगळ्यांना सारखी खुली होते थोडीच?

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना मात्र चाकरीत परत न ढकलता स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं, मदतही केली. भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल उघडलं, नाव ‘सत्यसुधारक’. चहा चांगला, हॉटेल स्वच्छ. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कुणी? गिऱ्हाईक येईना.

हे कळल्यावर महाराजांनी आणखी पैसे पाठवले असते तरी काय उपयोग होता? त्यांनी आपला खडखडा त्या हॉटेलसमोर उभा करायला सुरुवात केली. भर रस्त्यात चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि गाडीत बसलेल्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचा. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! सहीसाठी आलेल्यांनाही आधी गंगारामांकडचा चहा प्यावा लागे, असं सांगतात. यात थोडी जबरदस्ती होतीच. पण बहिष्कार तरी कुठे मवाळ होता?

हॉटेल चाललं. मग महाराजांनी गंगारामांना सोडा वॉटरचं मशीनही घेऊन दिलं. क्रम बघा हं, मशीन नंतर.

६ मे १९२२ ला मुंबईत महाराज गेले, जेमतेम ४७ वर्षांचे. पुढे कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यासाठी पुढाकार घेतला होता गंगाराम कांबळे यांनी.